१९६९ ची भारतीय राष्ट्रपतिपदाची निवडणूक

भारताची १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक १६ ऑगस्ट १९६९ रोजी झाली. मतमोजणी २० ऑगस्ट रोजी होऊन वराहगिरी वेंकट गिरी हे भारताचे चौथे राष्ट्रपती म्हणून निवडून आले. नीलम संजीव रेड्डी हे त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. अर्थतज्ज्ञ व माजी केंद्रीय अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख तिसऱ्या स्थानी राहिले. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणालाही आवश्यक बहुमत मिळाले नाही. त्यामुळे पराभूत उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजून निकाल लावावा लागला. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असे घडल्याचे हे आजवरचे एकमेव उदाहरण होय. निकालास सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी न्यायालयात येऊन साक्ष दिली. या निवडणुकीतील मतभेदांतूनच पुढे त्याच वर्षी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमध्ये फूट पडली.

पार्श्वभूमी

राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले. अशा प्रकारे पद रिक्त होण्याची ही पहिलीच वेळ होती. राज्यघटनेच्या ६५ व्या अनुच्छेदानुसार उपराष्ट्रपती गिरी यांनी प्रभारी राष्ट्रपती म्हणून कार्यभार स्वीकारला. मृत्यू, राजीनामा किंवा अन्य कारणाने रिक्त झालेले हे पद सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेऊन भरावे, असे ६२ वा अनुच्छेद सांगतो.

गिरी यांनी स्वतः उमेदवार म्हणून उभे राहण्याचे ठरविले व २० जुलै १९६९ रोजी राजीनामा दिला. परिणामी देशाला त्या दिवशी राष्ट्रपतीही नव्हते आणि उपराष्ट्रपतीही नव्हते. मूळ घटनेत या परिस्थितीची थेट तरतूद नव्हती. त्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने अशा वेळी भारताच्या सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींची कार्ये पार पाडावीत, अशी व्यवस्था केली होती. तीनुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ या काळात ही जबाबदारी सांभाळली. निवडणुकीचा प्रचार, मतदान, मोजणी आणि निकालाची प्रतीक्षा हे सर्व या पाच आठवड्यांत घडले.

काँग्रेसमधील मतभेद

सत्ताधारी काँग्रेस पक्षात त्या वेळी पंतप्रधान इंदिरा गांधी आणि पक्षसंघटनेवर पकड असलेले ज्येष्ठ नेते यांच्यात संघर्ष चालू होता. या ज्येष्ठांच्या गटास वृत्तपत्रांतून ‘सिंडिकेट’ असे संबोधले जाई. जुलै १९६९ मध्ये बंगळूर येथे झालेल्या पक्षाच्या बैठकीत संसदीय मंडळाने लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने निश्चित केले. इंदिरा गांधी यांचा कल जगजीवनराम यांच्याकडे होता. रेड्डी यांच्या बाजूने मत देणाऱ्यांत के. कामराज व मोरारजी देसाई यांच्यासोबत महाराष्ट्रातील दोन नेते होते. त्यांपैकी एक मुंबईचे स. का. पाटील आणि दुसरे तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. इंदिरा गांधी व फक्रुद्दीन अली अहमद यांची मते विरोधात गेली. चार विरुद्ध दोन अशा या निर्णयात मराठी नेत्यांच्या दोन मतांचे मोल मोठे होते.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. १६ जुलै रोजी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले व त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९ जुलै रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांची सही होती, तरी प्रचार पुढे सरकत गेला तशी त्यांची भूमिका बदलत गेली. काँग्रेसचे अध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांनी जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांची भेट घेऊन त्यांच्या सदस्यांनी दुसरी पसंती रेड्डी यांना द्यावी, यासाठी बोलणी केली. या भेटींवर पंतप्रधानांच्या गटाने कडाडून टीका केली. पक्षादेश काढण्याची अध्यक्षांची मागणी इंदिरा गांधी यांनी मान्य केली नाही आणि सदस्यांनी आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्यावे, असे आवाहन केले. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग या निवडणुकीपासून भारतीय राजकारणात रूढ झाला.

प्रमुख उमेदवार

वराहगिरी वेंकट गिरी: कामगार चळवळीतून पुढे आलेले नेते, माजी केंद्रीय कामगारमंत्री व माजी राज्यपाल. १९६७ पासून उपराष्ट्रपती. या निवडणुकीत ते अपक्ष होते. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम, अकाली दल आणि काँग्रेसमधील पंतप्रधान-समर्थक सदस्य यांचा त्यांना पाठिंबा मिळाला.

नीलम संजीव रेड्डी: आंध्र प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री आणि १९६७ पासून लोकसभेचे अध्यक्ष. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख: जन्म १४ जानेवारी १८९६, रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी. भारतीय सनदी सेवेतील अधिकारी, भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून १९५६ पर्यंत केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात या राजीनाम्याचा उल्लेख नेहमी होतो. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये त्यांना मुख्यतः जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांचा पाठिंबा होता.

एकूण १५ उमेदवार रिंगणात होते. त्यांत आणखी एक मराठी नाव होते, ते म्हणजे पांडुरंग नथुजी राजभोज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस राहिलेले राजभोज १९५२ च्या पहिल्या लोकसभेत सोलापूरचे प्रतिनिधी होते. पाच उमेदवारांना पहिल्या पसंतीचे एकही मत मिळाले नाही.

मतदानाची पद्धत

राष्ट्रपतींची निवड जनतेच्या थेट मतांनी होत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून बनलेले निर्वाचक मंडळ ही निवड करते. विधान परिषदांचे सदस्य व नामनिर्देशित सदस्य यांना या निवडणुकीत मत नसते. मतदान गुप्त असते.

प्रत्येक मताला ठरावीक मूल्य असते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागून येणारा भागाकार पुन्हा एक हजाराने भागला, की त्या राज्याच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. १९६१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ होती आणि विधानसभेत २७० निर्वाचित सदस्य होते. या हिशेबाने महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १४६ होते. सर्व राज्यांतील आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य संसदेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागले, की एका खासदाराच्या मताचे मूल्य निघते. १९६९ मध्ये ते ५७६ होते.

मतदाराने मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहावयाचे असतात. पहिली पसंती लिहिणे अनिवार्य असते, पुढील पसंती ऐच्छिक असतात. या पद्धतीस एकल संक्रमणीय मतपद्धती म्हणतात. निवडून येण्यासाठी वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य मिळवावे लागते. या मर्यादेला कोटा म्हणतात.

कोणीही कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद केला जातो. त्याच्या मतपत्रिका मात्र वाया जात नाहीत. प्रत्येक मतपत्रिकेवर ज्याला पुढील पसंती असेल आणि जो अद्याप स्पर्धेत असेल, त्याच्या खात्यात ती मतपत्रिका त्याच मूल्याने जमा होते. पुढील पसंती लिहिलेलीच नसेल, तर ती मतपत्रिका मोजणीतून बाहेर पडते. एका उमेदवाराने कोटा गाठेपर्यंत किंवा एकच उमेदवार शिल्लक राहीपर्यंत हा क्रम चालतो.

मतदान व निकालाची प्रतीक्षा

स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ ऑगस्ट १९६९ रोजी, संसद भवनात व राज्यांच्या राजधान्यांत मतदान झाले. त्या वेळी एस. पी. सेनवर्मा हे मुख्य निवडणूक आयुक्त होते. राज्यांतील मतपेट्या दिल्लीस आणण्यात आल्या आणि चार दिवसांनी मोजणीस प्रारंभ झाला.

या चार दिवसांत निकालाविषयी खात्रीने काहीही सांगता येत नव्हते. त्याची कारणे पद्धतीतच होती. पक्षादेश नसल्याने व मतदान गुप्त असल्याने काँग्रेसचे किती सदस्य अधिकृत उमेदवाराच्या विरोधात गेले, हे मोजणीपूर्वी कळण्यास मार्ग नव्हता. शिवाय देशमुख यांना मत देणाऱ्यांनी दुसरी पसंती लिहिली आहे काय आणि लिहिली असल्यास कोणाला दिली आहे, हे मतपत्रिका उघडल्यावरच दिसणार होते. दूरचित्रवाणी तेव्हा दिल्लीपुरतीच मर्यादित होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यामुळे महाराष्ट्रात निकालाची बातमी आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून व दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतूनच पोहोचणे शक्य होते.

मतमोजणी

पहिल्या पसंतीच्या वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ भरले. त्यावरून कोटा ४,१८,१६९ ठरला. पहिल्या पसंतीची मते पुढीलप्रमाणे होती:

• व्ही. व्ही. गिरी: ४,०१,५१५
• नीलम संजीव रेड्डी: ३,१३,५४८
• चिं. द्वा. देशमुख: १,१२,७६९
• चंद्रदत्त सेनानी: ५,८१४
• गुरचरण कौर: ९४०
• पां. न. राजभोज: ८३१
• उर्वरित चार उमेदवार मिळून: ९२०
• पाच उमेदवार: शून्य

गिरी आघाडीवर होते, पण त्यांचा वाटा सुमारे ४८ टक्के होता. कोटा गाठण्यासाठी त्यांना आणखी १६,६५४ मते हवी होती. रेड्डी यांना १,०४,६२१ मतांची आवश्यकता होती. बाद होणाऱ्या १३ उमेदवारांकडे मिळून १,२१,२७४ मते होती. म्हणजेच या मतांचा फार मोठा भाग एकाच दिशेने गेला असता, तर निकाल उलटणे गणिताने अशक्य नव्हते.

लहान उमेदवार एकामागून एक बाद होत गेले. त्यांच्या मतांनी चित्रात मोठा फरक पडण्यासारखा नव्हता, कारण त्या सर्वांची बेरीज ८,५०५ इतकीच होती. निर्णय अखेरीस देशमुख यांच्या मतपत्रिकांवर येऊन ठेपला. त्या वाटल्या गेल्यावर अंतिम स्थिती अशी झाली:

• व्ही. व्ही. गिरी: ४,२०,०७७
• नीलम संजीव रेड्डी: ४,०५,४२७

गिरी यांनी कोटा १,९०८ मतांनी ओलांडला व १४,६५० मतांच्या फरकाने ते विजयी घोषित झाले. २४ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली.

आकड्यांचा अर्थ

बाद उमेदवारांच्या १,२१,२७४ मतांपैकी ९१,८७९ मते रेड्डी यांच्याकडे व १८,५६२ मते गिरी यांच्याकडे गेली. उरलेली १०,८३३ मते पुढील पसंती नसल्यामुळे मोजणीबाहेर पडली. जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्याशी झालेली बोलणी बऱ्याच अंशी फळास आली, असे या आकड्यांवरून दिसते. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत रेड्डी गिरींच्या पुष्कळ पुढे होते. तरीही पहिल्या पसंतीतील ८७,९६७ मतांची पिछाडी भरून निघाली नाही.

मतांच्या मूल्यामुळे हे आकडे लाखांत दिसतात, परंतु प्रत्यक्ष मतदारांची संख्या फार लहान होती. १,९०८ हे मूल्य चार खासदारांच्या मतांपेक्षाही कमी आहे. अंतिम मोजणीत गिरी यांच्याकडील केवळ १३ खासदारांची मते रेड्डी यांच्याकडे वळली असती, तर रेड्डी पुढे गेले असते. महाराष्ट्राच्या आमदारांच्या हिशेबात सांगावयाचे, तर तेवढाच फरक ५१ मतांनी पडला असता. तळाच्या उमेदवारांचे आकडेही या दृष्टीने बोलके आहेत. एका उमेदवारास मिळालेली ५७६ मते एका खासदाराच्या मताच्या मूल्याएवढी होती.

न्यायालयीन वाद

राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकीसंबंधीचे सर्व वाद राज्यघटनेच्या ७१ व्या अनुच्छेदानुसार केवळ सर्वोच्च न्यायालयातच चालतात आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. निवडणूक पूर्ण होण्यापूर्वी असा वाद उपस्थित करता येत नाही, हे तत्त्व आधीच प्रस्थापित झाले होते. तेही एका मराठी नेत्याच्या प्रयत्नातून स्पष्ट झाले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे माजी पंतप्रधान डॉ. नारायण भास्कर खरे यांनी १९५७ च्या राष्ट्रपती निवडणुकीस आव्हान दिले होते. काही मतदारसंघांतील निवडणुका बाकी असल्याने निर्वाचक मंडळ अपूर्ण आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांना यश आले नाही. पुढे १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने, निर्वाचक मंडळातील जागा रिक्त असल्याच्या कारणावरून निवडणुकीस आव्हान देता येणार नाही, असे स्पष्ट करण्यात आले.

गिरी यांच्या निवडीविरुद्ध चार याचिका दाखल झाल्या. त्यांचा निर्णय ‘शिवकृपाल सिंह विरुद्ध व्ही. व्ही. गिरी’ या नावाने ओळखला जातो. काही याचिकाकर्त्यांनी उमेदवारी अर्जांच्या छाननीवर आक्षेप घेतले. सर्वांत गंभीर आरोप एका निनावी पत्रकाविषयी होता. रेड्डी यांच्या खासगी चारित्र्यावर हीन भाषेत शिंतोडे उडविणारे हे पत्रक मतदानापूर्वी संसद सदस्यांत वाटले गेले होते. मतदारांवर अनुचित दबाव आणण्यासाठीच ते वाटले गेले आणि त्यास गिरी यांची मूकसंमती होती, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते.

सुनावणीत अनेक संसद सदस्यांच्या साक्षी झाल्या. राष्ट्रपतींची साक्ष न्यायालयाबाहेर आयोगामार्फत घेणे शक्य होते. तरीही गिरी स्वतः न्यायालयात उपस्थित राहिले व त्यांनी साक्ष दिली. पदावर असलेल्या राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयात साक्षीदार म्हणून हजर राहण्याचा हा प्रसंग भारताच्या इतिहासात अपूर्व ठरला. याच प्रकरणात एका दूरध्वनी संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून पुढे आले. साक्षीदाराच्या विधानातील विसंगती दाखविण्यासाठी असे ध्वनिमुद्रण वापरता येते, असा निर्णय न्यायालयाने दिला. ध्वनिफितीच्या पुराव्याविषयीच्या भारतीय कायद्यात तो पुढे वारंवार उद्धृत झाला.

पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९७० मध्ये सर्व याचिका फेटाळल्या. पत्रक वाटले गेले होते, ही वस्तुस्थिती नाकारण्यात आली नाही. मात्र गिरी यांची त्यास संमती होती हे सिद्ध झाले नाही, तसेच पत्रकामुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला असेही सिद्ध झाले नाही. निवडणुकीत गैरप्रकार घडला एवढे दाखविणे पुरेसे नसते. विजयी उमेदवाराचा त्यातील सहभाग किंवा निकालावर झालेला परिणाम पुराव्याने सिद्ध करावा लागतो, हा या निकालाचा गाभा होय.

न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत राष्ट्रपतींच्या सहीने कायदे, नेमणुका व आदेश निघतच होते. निवड रद्द झाली असती, तर त्यांचे काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर घटनेतच आहे. निवड पुढे अवैध ठरली तरी त्या निर्णयापूर्वी पदाधिकाऱ्याने केलेली कृत्ये वैध राहतात, असे ७१ वा अनुच्छेद सांगतो. वादाचा निकाल लागेपर्यंत राज्यकारभार खोळंबू नये, हा त्यामागील हेतू आहे.

परिणाम

राजकीय: पक्षाचा अधिकृत उमेदवार पक्षाच्याच सदस्यांच्या मतांनी पराभूत झाल्यामुळे काँग्रेसमधील तडजोडीचे मार्ग जवळजवळ संपले. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिरा गांधी यांना पक्षातून काढण्यात आले व पक्ष दुभंगला. बंगळूरला रेड्डी यांच्या बाजूने मत देणारे यशवंतराव चव्हाण फुटीच्या वेळी इंदिरा गांधी यांच्यासमवेत राहिले, तर स. का. पाटील संघटना काँग्रेसमध्ये गेले. रेड्डी यांची राष्ट्रपतिपदावरील निवड पुढे १९७७ मध्ये बिनविरोध झाली.

कायदेविषयक: १९६९ पर्यंत एक सूचक व एक अनुमोदक मिळाला, की राष्ट्रपतिपदासाठी अर्ज भरता येत असे. निवडून येण्याची शक्यता नसलेल्या उमेदवारांची संख्या व न्यायालयीन वाद लक्षात घेऊन १९७४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दहा सूचक, दहा अनुमोदक व अडीच हजार रुपयांची अनामत आवश्यक ठरली. निवडणुकीस आव्हान देण्याचा अधिकार उमेदवारांपुरता किंवा किमान वीस निर्वाचकांपुरता मर्यादित झाला. १९९७ मध्ये सूचक व अनुमोदक यांची संख्या प्रत्येकी ५० आणि अनामत १५ हजार रुपये करण्यात आली.

इतर अटीतटीच्या निवडणुकांशी तुलना

लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांत पसंतीक्रम नसतो. ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी, मग त्याची मते निम्म्यापेक्षा कमी का असेनात. पालघर जिल्ह्यातील वसई विधानसभा मतदारसंघाचा २०२४ चा निकाल हे या फरकाचे चांगले उदाहरण आहे. तेथे भारतीय जनता पक्षाच्या स्नेहा दुबे-पंडित यांना ७७,५५३, बहुजन विकास आघाडीचे हितेंद्र ठाकूर यांना ७४,४०० आणि काँग्रेसचे विजय पाटील यांना ६२,३२४ मते मिळाली. ३,१५३ मतांच्या फरकाने निकाल लागला. तिसऱ्या स्थानावरील उमेदवाराची मते विजयाच्या फरकाच्या जवळजवळ वीसपट होती, पण त्या मतदारांची दुसरी पसंती कोणाला होती, हे विचारण्याची सोय या पद्धतीत नाही. राष्ट्रपती निवडणुकीच्या पद्धतीत नेमका हाच प्रश्न मतपत्रिकेवर विचारला जातो.

मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा ४८ मतांनी पराभव केला. मतदान यंत्रांवरील मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतांमुळे निकाल फिरला. मोजणीच्या प्रक्रियेवर आक्षेप घेणारी निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने १९ डिसेंबर २०२४ रोजी फेटाळली. मतांचा फरक कितीही लहान असला, तरी आक्षेपातील चुकीमुळे निकाल बदलला असता हे याचिकेतच नेमकेपणाने मांडावे व पुराव्याने सिद्ध करावे लागते, हे सूत्र १९६९ प्रमाणेच येथेही लागू होते.

मते तंतोतंत समान झाल्यास चिठ्ठी टाकून निर्णय होतो. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये भारतीय जनता पक्षाचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मते पडली व चिठ्ठीत शहा विजयी ठरले.

परदेशांतील उदाहरणांत अमेरिकेची २००० ची अध्यक्षीय निवडणूक प्रसिद्ध आहे. फ्लोरिडा राज्यातील ५३७ मतांच्या फरकावर संपूर्ण देशाचा निकाल अवलंबून होता. फेरमोजणीचा वाद पाच आठवडे चालला व तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर २००० च्या निर्णयाने तो संपला. भारतात निकाल आधी घोषित होतो, विजयी उमेदवार पद स्वीकारतो आणि नंतर याचिकेची सुनावणी होते. अमेरिकेत मात्र २००० मध्ये न्यायालयीन वाद निकाल अंतिम होण्यापूर्वीच झाला. भारतीय व्यवस्थेत पद रिकामे राहत नाही, परंतु पराभूत पक्षास न्यायासाठी अधिक काळ थांबावे लागते.

महत्त्व

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीकडे बहुधा औपचारिकता म्हणून पाहिले जाते, कारण बहुतेक वेळा बहुमताचे गणित आधीच स्पष्ट असते. पसंतीक्रमाची तरतूद घटनेत केवळ शोभेसाठी नाही, हे १९६९ च्या मोजणीने दाखवून दिले. गुप्त मतदानात सदस्य पक्षाच्या निर्णयाविरुद्धही जाऊ शकतात, तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचे मतदार निकाल ठरवू शकतात आणि सर्वोच्च पदावरील व्यक्तीलाही आपल्या निवडीचे उत्तर न्यायालयात द्यावे लागते, या तीनही गोष्टी एकाच निवडणुकीत दिसून आल्या. म्हणूनच राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ती आजही अभ्यासाचा विषय आहे.

हेही पहा

• भारताचे राष्ट्रपती
• एकल संक्रमणीय मतपद्धती
• चिंतामण द्वारकानाथ देशमुख
• यशवंतराव चव्हाण
• वसई विधानसभा मतदारसंघ
• मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघ